आप्पांच्या घरातलं बटण कोण दाबत होतं?

भूत, चकवा, लागीर... असल्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठणारी बाई. घरातलं वळणच तसं. आमच्याकडे ना नवस, ना अंगारा, ना उतारा. नव्या घराच्या दारावर कुणीतरी हौसेनं लिंबू-मिरची बांधली होती, तर आप्पांनी – म्हणजे माझ्या वडिलांनी – ती सोडून लिंबाचं सरबत करून प्यायलं आणि मिरच्या आईकडे दिल्या. त्यात मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली. त्यामुळे खालचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढलंत तरी माझी तक्रार नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

खरं तर हे लिहायचंच नव्हतं. दुसऱ्या एका ग्रुपवर एका मुलीनं विचारलं होतं – 'बाबा गावी एकटे राहतात, घरात ऑटोमेशन करायचंय, काही टिप्स द्या ना.' मला त्यातलं बऱ्यापैकी कळतं, म्हणून भराभर लिहायला घेतलं. वीज परत आल्या आल्या मोटर चालू होऊ देऊ नकोस, जरा वेळ जाऊ दे, पहिल्या झटक्यात व्होल्टेज वरखाली होतं. वीज गेली की कंट्रोलर सगळं विसरतो, त्याला वेगळी बॅटरी दे. आणि बाबा ठीक आहेत की नाहीत हे कळायला एक दिवा आणि एक बटण बसव... इथं आले आणि हात थांबला. पुढचं वाक्य काय लिहू? ते तिथं लिहिता येईना, म्हणून इथं आले.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या उन्हाळ्यातली. मी लग्न होऊन शिरूरला होते, आणि रांजणगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना कंट्रोल पॅनल बनवून देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी करत होते. आप्पा दौंडला. ते रेल्वेत ड्रायव्हर, सगळी हयात इंजिनात गेली. रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून त्यांनी गोपाळवाडी रस्त्याला छोटं घर बांधलं. त्या घरात आई जेमतेम दोन वर्षं राहिली आणि गेली. आप्पा एकटे उरले. गुडघे गेलेले, साखर वाढलेली, आणि हट्ट मात्र पूर्वीएवढाच. "शिरूरला चला" म्हटलं की म्हणायचे, "जावयाच्या घरी पेपर वाचत बसू व्हय? मला माझ्या गाड्यांचा आवाज लागतो."

आमच्या घरची एक सवय आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनात ड्रायव्हर सिग्नल दिसला की त्याचं नाव आणि रंग मोठ्यानं बोलतो – "होम हिरवा!" – आणि शेजारचा असिस्टंट स्वतः बघून तेच परत म्हणतो, "होम हिरवा!" दोघांनी म्हटलं की पक्कं. आप्पांनी ही ड्युटी घरात आणली होती. बाहेर निघताना ते ओरडायचे "गॅस बंद!" आणि आई आतून, हात पुसत पुसत, "गॅस बंद!" "कुलूप लावलं!" "कुलूप लावलं!" कुणी परत म्हटलं नाही तर हा माणूस उंबरा ओलांडायचा नाही. आम्हा पोरांना तर इतकी सवय की कुणी असं ठासून काही म्हटलं की तोंडातून आपोआप तेच निघायचं. लग्नानंतर मी नवऱ्याच्या "गाडी काढली!" ला "गाडी काढली!" म्हणून ओरडले होते आणि सासूबाई दचकल्या होत्या.

आई गेल्यावर परत म्हणणारं कुणी उरलं नाही. आप्पा मात्र म्हणत राहिले. मी सुट्टीला गेले की मला ते फार लागायचं... "गॅस बंद!" आणि मग नुसती शांतता.

तर मी काय केलं – कारखान्यात मशीनला 'हे झालं की ते कर' असं सांगणारा एक छोटा डबा असतो, त्याला पीएलसी म्हणतात. आमच्या वर्कशॉपमधला एक जुना डबा मालकांनी मला देऊन टाकला. त्यावर मी आप्पांचं घर चढवलं. टाकी भरली की मोटर बंद. अंधार पडला की पडवीचा दिवा चालू. आणि मुख्य म्हणजे तो पिवळा दिवा. स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीवर. दिवसभरात तासा-तासानं तो लागायचा. लागला की आप्पांनी उठून खालचं बटण दाबायचं, म्हणजे 'मी ठीक आहे'. दाबलं नाही तर थोड्या वेळानं शेजारच्या बबनमामांच्या किराणा दुकानात घंटा. मधल्या भिंतीवरून वायर टाकून मामांच्या गल्ल्यावरही तसाच एक छोटा बल्ब लावला होता. इकडे दिवा लागला की तिकडे लागायचा, आप्पांनी दाबलं की विझायचा.

आप्पांनी बघितलं आणि हसले. "नव्या इंजिनात असतंय हे. ड्रायव्हर झोपला का मेला ते बघायला. मला काय समजलीस गं तू?"

पण आवडलं होतं त्यांना. दिवा लागला की "पिवळा!" म्हणून ओरडायचे, मला चार शिव्या घालायचे, गुडघे धरून उठायचे आणि दाबायचे. एकदा मात्र महाशयांनी बटणात काडेपेटीची काडी खुपसून ठेवली. बटण कायम दाबलेलं, दिवा विझलेला, आणि आप्पा खुशाल बाजारात! मी पण त्यांचीच पोरगी. प्रोग्राम बदलला. बटण दाबून सोडलं तरच धरायचं, तेही दिवा लागल्यानंतर दाबलं तरच. (ही टिप हवी तर घ्या. म्हातारी माणसं आपल्यापेक्षा हुशार असतात.) म्हणजे आता बटण अडकलं, वायर चिकटली, तरी उपयोग नाही. दिवा लागल्यावर खरंखुरं बोट लागणार.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी आप्पांना फोन लावला. रिंग जातेय, उचलत नाहीत. झोपले असतील म्हणून जेवले. परत लावला. नाही. मग मामांच्या मोबाइलवर केला.

"मामा, आप्पा फोन उचलत नाहीत हो. दिवा काय म्हणतोय?"

"दिवा येवस्थित हाय की. सकाळधरनं लागतोय आन् विझतोय. आज तर लई झ्याक चाललंय, लागला न लागला की इझतोय!"

मी जेवणाचा डबा बंद करता करता थांबले. "लगेच विझतोय?"

"लगीच म्हंजी, डोळं मिटून उघडूस्तोवर."

आप्पांना खुर्चीतून उठायलाच वेळ लागायचा. रोज मामा चेष्टा करायचे, बल्ब लागल्यापासून विझेपर्यंत माझी पावशेर साखर तोलून होते म्हणून. म्हटलं, बटणापाशीच खुर्ची टाकून बसलेत की काय? तेवढ्यात मामा म्हणाले, "आन् पाव्हनं कोन आल्यात गं आज तुमचं?"

"पाहुणे?"

"बोलन्याचा आवाज येतोय न्हवं मघाधरनं. आप्पा काय तरी म्हनत्यात आन् दुसरं मानूस बी तेच म्हनतंय. ते तुमचं इंजिनावानी. मला वाटलं, तूच आलीस का काय."

मी शिरूरला. भाऊ गुजरातेत. आमच्या घराबाहेरचं कुणी आप्पांच्या मागोमाग असं म्हणणार नाही.  "मामा, तुम्ही आधी उठा. फोन चालू ठेवा आणि आप्पांच्या घराच्या मागच्या खिडकीपाशी जा."

"गिऱ्हाईक हाय गं..."

"मामा, उठा म्हणते ना!"

ते गेले. चपलांचा आवाज, फाटकाची कडी, मग काहीच नाही. मामांनी मोबाइल बहुतेक खिडकीच्या गजाशी धरला होता. लांबून, विहिरीतून यावा तसा आप्पांचा आवाज आला. ओळखूच येईना इतका खोल गेलेला.

"पाणी..."

आणि लगेच दुसरा.

"पाणी."

बाईचा की पुरुषाचा, सांगता येणार नाही. स्वच्छ होता. ड्युटीवर असलेल्या माणसाचा. त्यात काळजी नाही, घाई नाही, काही नाही. आप्पा परत कण्हले, "कुणीतरी या रे..." आणि तो म्हणाला, "कुणीतरी या रे." तेवढ्याच थंडपणे.

मी ओरडले. सगळं वर्कशॉप माझ्याकडे बघायला लागलं. "मामा, दार फोडा! आप्पा पडलेत! दार फोडा!"

"अगं पन आत ते दुसरं कोन हाय?"

"कोणी का असेना! चार माणसं बोलवा आणि फोडा, मी निघाले!"

नवऱ्याला कंपनीतून बोलावलं आणि मोटरसायकलवर निघालो. न्हावरे, केडगाव, चौफुला... कुठला रस्ता कसा गेला आठवत नाही. उन्हानं डांबर वितळलेलं आणि माझे दात वाजत होते. नवरा सारखा विचारत होता, काय ऐकलंस नक्की? मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी डोक्यात होतं.

पाटसला मामांचा फोन आला. आप्पा मोरीत सापडले होते. सकाळी आंघोळीला गेले ते पाय घसरून पडले, खुबा मोडला, तेव्हापासून तिथंच. दौंडच्या दवाखान्यात नेलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. पुढच्या दाराला आतून कडी, मागच्या दाराला आतून कडी, खिडक्यांना गज.

डॉक्टर मला म्हणाले, अंगातलं पाणी आटलंय, साखरेचा घोळ झालाय, अजून संध्याकाळपर्यंत राहिले असते तर हाती लागले नसते. आणि मला एकदम लख्ख कळलं... सकाळपासून दर तासाला दिवा लागत होता. आप्पा मोरीत तळमळत होते. घंटा वाजायला हवी होती, पहिल्याच तासाला. ती वाजली नाही, कारण दर वेळी कुणीतरी बटण दाबून 'मी ठीक आहे' म्हणून सांगत होतं.

लोक काय म्हणतात ते मला माहितेय. मामीसुद्धा दवाखान्यात डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "तुझी आय आसंल गं, राखन करत आसंल." मी त्यांच्यावर कधी नव्हे ते खेकसले. माझी आई राखण करत असती तर तिनं बटणाला हात लावला नसता! घंटा बोंबलू दिली असती, अख्खी आळी गोळा केली असती. हे जे कुणी होतं, त्याला कुणी यायलाच नको होतं.

आप्पांना सलाईन लावलं आणि त्यांचे कपडे, गोळ्या आणायला मी आणि मामा घरी गेलो. ऊन अजून चांगलं होतं, रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती. मोडलेलं दार नुसतं लोटलेलं. मामा उंबऱ्यातच थांबले. मला मात्र राग आला होता, भीतीपेक्षा जास्त. म्हटलं, माझा प्रोग्राम, माझी वायरिंग, चूक माझ्या डब्यातच सापडणार. पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढला. बटण उघडलं. स्वच्छ. काडी नाही, मुंगी नाही, गंज नाही. वायरी जागच्या जागी. मग मी बटणाच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि एकमेकींपासून लांब धरल्या. आता बटण कुणी दाबलं तरी डब्याला कळणार नव्हतं. तास भरतच आला होता. म्हटलं, बघू आता दिवा कसा विझतो ते.

दिवा लागला.

आणि मी... काय सांगू, लहानपणापासूनची सवय. तोंडातून निघून गेलं.

"पिवळा!"

मागून, मोरीतून, आलं –

"पिवळा."

दिवा विझला. माझ्या दोन हातांत दोन वायरी, त्यांची टोकं हवेत, आणि दिवा विझला.

मी किंचाळले की नाही ते माहीत नाही. मामा म्हणतात मीच त्यांना ढकलून पुढं पळाले. कपडे, गोळ्या सगळं तिथंच. पोरांचा बॉल माझ्या पायात आला आणि मी त्या उन्हात रस्त्यावर फतकल मारून बसले. मामा म्हणाले, "ऐकलंस न्हवं तू? मला एकट्यालाच न्हाई न्हवं ऐकू आलं?" मी मान हलवली. दोघांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी नवरा दोन मित्रांना घेऊन गेला आणि मेन स्विच पाडून सामान घेऊन आला. त्यांना काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. पण ते तिघं तिथं मुकाट्यानं वावरले होते, मीच तशी ताकीद दिली होती.

नवऱ्याचं म्हणणं – मोरीत आवाज घुमतो, वायरिंगमध्ये शेजारच्या लाइनचा करंट उतरला असेल, उन्हाचा ताप, घाबरलेलं मन. मी त्याला म्हटलं, स्वयंपाकघरात बोललेलं मोरीतून दुसऱ्याच आवाजात घुमून येत नसतं. आणि करंट उतरला तर तो कधीही उतरेल, बरोबर दिवा लागल्यावरच कसा उतरेल, तोही दिवसभर? त्यावर तो पेपर उघडून बसतो. चांगला माणूस आहे.

आप्पांचं ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांना शिरूरला आणलं. या वेळी त्यांनी एका शब्दानं विरोध केला नाही, यानंच मला जास्त धास्ती वाटली.  मग एकदा मी त्यांच्या पायाला तेल लावत होते, घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा आपणहून म्हणाले, "शोभे, तुला एक सांगू? हसू नको."

"सांगा आप्पा."

"मी पडलो तवा वरडलो, कोन हाय का. तर सैपाकघरातनं आलं, कोन हाय का. मला वाटलं घुमतंय. मग दिवा लागल्याचा उजेड भिताडावर पडला, आन् बटनाचा टक् करून आवाज आला, आन् उजेड गेला. माझ्या जिवात जीव आला बघ. म्हटलं, घरात कोन तरी आलंय. म्हटलं, तारा?" तारा म्हणजे माझी आई. "तर ते म्हनलं, तारा?"

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"तवा समजलो, ही न्हवं. तुझी आय आधी पानी घिऊन आली असती, मग शिव्या दिल्या असत्या. मी काय बी म्हनलो तरी ते तेच म्हनायचं. दर वेळंला वाईच जवळ येऊन. पानी म्हनलो तरी पानी. दिसत काय बी न्हवतं. मग माझं बोलनंच संपलं, ताकद ऱ्हायली न्हाई. वाईच गप पडून होतो. आन् मग ते आपनहून बोललं."

"काय?"

"सगळं ठीक."

आप्पांनी माझा हात धरला. 

"असं म्हनलं आन् थांबलं. कानापाशी. मी परत म्हनावं म्हनून थांबलं, शोभे. ड्रायव्हर बोलला की दुसऱ्यानं बोलायचं, उभी हयात तेच केलं मी. जीभ वळवळाय लागली तोंडात. दातांनी धरून ठिवली. ते परत म्हनलं, सगळं ठीक. मी गप. तिसऱ्यांदा म्हनलं... आन् तोंडातनं 'स' गेला बी असता, तेवढ्यात बबन्यानं दारावर पहार घातली."

"म्हटलं असतं तर काय झालं असतं, आप्पा?"

"ते मला इचारू नको," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

दौंडचं घर आम्ही विकलं. घेणाऱ्याला काही सांगितलं नाही, सांगणार तरी काय? डबा मी स्वतः फोडून भंगारात टाकला. आज आमच्याकडे दिवे हातानं लागतात आणि मोटर हातानं बंद होते, नातेवाईक मला हसतात. ते काय होतं, कुठून आलं, त्याला आप्पांकडून ते दोन शब्द का हवे होते? तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा, पण माझ्या वायरिंगची चूक काढू नका, ती मी हजारदा तपासलीय.

आप्पा आता खूप थकलेत, वॉकरशिवाय चालता येत नाही. बसल्या जागेवरून आवाज देणं सोपं, पण देत नाहीत. दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारली – मी, नवरा, नातवंडं, कुणीही – तरी ते 'ओ' म्हणत नाहीत. वॉकर धरून, कण्हत, एवढं चालत समोर येतात, हाक मारणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघतात, आणि मगच बोलतात. घरात आता आम्ही कुणीच लांबून हाक मारत नाही. उठून त्यांच्यापुढं जाऊन उभं राहतो.